रस्त्यावरच्या माणसाला मदत करताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की फोन सुरू होतात. "दादा, आमच्या ग्रुपने ब्लँकेटं घेतलीयत, शनिवारी रात्री कुठे वाटू?" पुणे स्टेशन ते स्वारगेट या पट्ट्यात रात्री फिरणाऱ्या आम्हा मंडळींना हे हंगाम आता पाठ झालेत. पितृपक्षात पुरी-भाजी, दिवाळीत फराळ, डिसेंबरात ब्लँकेट आणि मधेच कुणाच्या वाढदिवसाचा केक. जूनमध्ये मात्र चिटपाखरू फिरकत नाही.

ब्लँकेटचंच आधी घेऊ. फुटपाथवर झोपणाऱ्याकडे कपाट नसतं. दुकानं उघडायच्या आत पथारी गुंडाळायची, झाडाच्या बेचक्यात नाहीतर बंद टपरीवर खोचायची आणि कामाला लागायचं. मागे अतिक्रमणवाल्यांची गाडी आली तर सगळं तिच्यात जातं. एकाच रात्री तीन ग्रुपांनी तीन ब्लँकेटं दिली की माणूस दोन विकतो, आणि मग हेच ग्रुप म्हणतात, "बघा, विकून दारू पितात." अहो, ठेवणार कुठे तो?

खरी दैना पावसात होते. रात्री दोन वाजता अंथरुणाखालून पाणी वाहायला लागलं की पहाटेपर्यंत उभं राहावं लागतं. म्हणून माझ्या सॅकमध्ये बारा महिने जाड प्लॅस्टिकचा कागद, सुतळी, साबण, बायकांसाठी पॅड आणि सुटे पैसे असतात. सुटे पैसे अंघोळीसाठी. सार्वजनिक शौचालयात अंघोळीला पैसे पडतात, आणि "अंघोळ का करत नाहीत हे लोक" असं नाक मुरडणाऱ्यांना ते ठाऊक नसतं.

खाण्याचं थोडक्यात. गुरुवारी दत्ताच्या देवळाबाहेर एकाच म्हाताऱ्यापुढे चार पत्रावळी येतात आणि सोमवारी एकही नाही. दात नसलेल्याला पुरी देऊ नका, मऊ खिचडी किंवा केळी द्या. पाणी सगळेच विसरतात. आणि आधी "काका, जेवलात का?" एवढं विचारा. जेवले असतील तर डबा पुढच्याला द्या, आग्रह करत बसू नका.

आता ज्या चुकीने माझं डोकं फिरतं ती: न विचारता माणूस उचलून नेणं.

स्टेशनजवळ एक आजी बसायच्या. पोरांच्या एका टोळक्याला त्या दिसल्या. पोरं मनाने चांगली, पण घाई फार. "आजी, चला, तुम्हाला घर देतो." आजींना ऐकू कमी येई, त्यांनी मान हलवली. पोरांनी केस कापले, अंघोळ घातली, नवी साडी नेसवली, सगळ्याचा व्हिडिओ केला आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका आश्रमात नेऊन सोडलं. गाठोडं "कचरा" म्हणून तिथेच टाकून दिलं. रीलवर हजारो बदाम.

आजींना मुलगा होता. लग्नसराईत केटरिंगवाल्यांबरोबर भांडी घासायला गावोगाव जायचा, आठ-दहा दिवसांनी परत यायचा. चहावाल्याकडे पैसे ठेवून जाई, तो आजींना दोन वेळचं बघायचा. मुलगा आला तर आई नाही. चहावाल्याला एवढंच माहीत की "गाडीतून नेलं". पोलीस चौकीत नोंद नाही, कारण पोरांनी कुणालाच कळवलं नव्हतं. शेवटी कुणीतरी त्याला ती रील दाखवली. टक्कल केलेली आई त्याने आधी ओळखलीच नाही. तिला परत आणेपर्यंत तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख निघून गेली होती. ससून रुग्णालयाचे कागद त्या गाठोड्यात होते.

मी काय करतो? चार-पाचदा नुसता जाऊन बसतो. चहावाला, पेपरवाला, शेजारी झोपणारी बाई, यांना विचारतो. कुठे हलवायचं ठरलंच तर त्या माणसाच्या तोंडून हो ऐकतो, चौकीत लेखी नोंद करतो आणि चहावाल्याकडे फोन नंबर ठेवतो. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांनी अनाथालयाला चेक पाठवावा. तेही चांगलं काम आहे.

दुसरी खोड म्हणजे "हे सगळे भिकारी, काम नको यांना." 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात दोन लाखांवर. त्यांत हमाल आहेत, कचरा वेचणाऱ्या बाया आहेत, तुमच्या वरातीत डोक्यावर दिवे धरणारेही आहेत. मुंबईत परळला कॅन्सरच्या टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकलेल्या कितीतरी कुटुंबांचं गावी घर असतं. उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि तेवढं भाडं परवडत नाही. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर "यांना उचलायला गाडी बोलवा" असं लिहिण्याआधी 1959 चा भीक-प्रतिबंधक कायदा वाचा. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत माणूस भटकतोय, एवढंही त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत बसतं. दोषी ठरला तर पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये या कायद्यातली बरीच कलमं तिथल्यापुरती रद्द केली. आपल्याकडे तो आहे.

निवारागृहात का जात नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. नियमाने शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, चोवीस तास, बारा महिने. पण नवरा-बायको एकत्र राहू शकतील असा क्वचितच मिळतो. प्यायलेल्याला दारातून परत पाठवतात. आणि पहाटे चारला मार्केट यार्डात हमालीला जाणारा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला झोपायला कशाला जाईल?

बारीकसारीक:
जखमेत अळ्या दिसल्या तर फिनेल ओतू नका, 108 ला फोन करून अँब्युलन्स बोलवा.
झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नका.
मूल एकटं दिसलं तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.
पैसे द्यायचे तर द्या, नाहीतर नका देऊ, पण हिशेब मागू नका.

स्वतःशी बोलणारा, कपड्यांची शुद्ध नसलेला माणूस दिसला तर त्याला बांधून नेण्याचं शौर्य दाखवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. ठाणे अंमलदार "आमचं काम नाही" म्हणाला तर कलम 100 दाखवायचं, आवाज न चढवता. माझ्या मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो कायम असतो. अशा माणसांना बरं करून घरी पोचवण्याचं काम कर्जतची श्रद्धा संस्था कित्येक वर्षं करतेय. तिच्या डॉ. भरत वाटवानींना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि ज्यांना खरंच काही टिकाऊ करायचंय त्यांनी कागदांच्या मागे लागा. मतदार नोंदणीसाठी बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. फॉर्म 6 मध्ये झोपायची जागा लिहायची, आणि बूथ अधिकाऱ्याने रात्री, एकापेक्षा जास्त वेळा, तिथे येऊन माणूस खरंच झोपतो का ते बघायचं असा नियम आहे. तो स्वतःहून येईलच असं नाही, पाठपुरावा करावा लागतो. त्या रात्री माणूस जागेवर राहील हेही बघा, नाहीतर तो नेमका लग्नाच्या कामाला गेलेला असतो.