हळद, रॅटचा पाय आणि एम.फार्म.चं दुसरं वर्ष

मामाचा हात कडबाकुट्टीत सापडला तेव्हा मी बारावीत होते. मनगटाची जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कित्येक महिने बधिर राहिलं. चहाचा पेला किती गरम आहे ते त्या बोटांना कळायचंच नाही. इजा झालेली माणसाची नस (नर्व्ह) दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, हे मला पुढे फार्माकॉलॉजीत कळलं. एम.फार्म.ला मग हळदीतलं पिवळं द्रव्य करक्यूमिन आणि रॅटच्या सायटिक नर्व्हची, म्हणजे मांडीतून पायात उतरणाऱ्या जाड नसेची, इजा हाच विषय घेतला.

या विषयात येणारे बहुतेक जण डीपीपीएचपासून, म्हणजे अँटिऑक्सिडंट ताकद मोजायच्या रंगाच्या चाचणीपासून, सुरुवात करतात. जांभळं द्रावण फिकं पडलं की हुरूप येतो. पण ते कुपीतलं रसायन झालं, नसेपर्यंत काय पोचतं हे त्यातून समजत नाही. करक्यूमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. म्हणून डोसच्या आधी ते कशात मिसळून देणार याचा विचार करा. आम्ही सीएमसी या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाच्या पाण्यात कालवून द्यायचो. दरवेळी बाटली हलवली नाही तर पिवळा गाळ तळाशी बसतो आणि पहिल्या रॅटला पातळ, शेवटच्याला घट्ट औषध जातं.

नस चिमट्याने दाबली की दाबाच्या पलीकडचा ॲक्सॉन, म्हणजे चेतापेशीचा लांब तंतू, मरतो. वॉलरने हे 1850 मध्ये बेडकाच्या नसांवर दाखवलं. मग ॲक्सॉनभोवतीच्या श्वान (Schwann) पेशी आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी कचरा उपसतात आणि त्या धांदलीत ऑक्सिजनचे मोकाट रेणू तयार होतात. करक्यूमिन ते रेणू नुसतं पुसत नाही, एनआरएफ-2 या पेशीतल्या प्रथिनामार्फत पेशीची स्वतःची संरक्षक एन्झाइम्सही जागी करतं. मात्र त्याच मोकाट रेणूंपैकी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड नसेला वाढीचा इशारा म्हणूनही लागतं. ‘जास्त डोस म्हणजे जास्त संरक्षण’ हे समीकरण मला म्हणूनच पटत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पावलांच्या ठशांनी. मागच्या पायांना शाई लावून रॅटला अरुंद बोळातून कागदावर चालवायचं आणि ठशाची लांबी व बोटांमधलं अंतर मोजून एसएफआय, म्हणजे सायटिक नर्व्ह किती काम करते याचा निर्देशांक, काढायचा. शून्याच्या आसपास म्हणजे ठीक, उणे 100 च्या आसपास म्हणजे पाय गेला. इजेनंतर ठसा लांबुडका येतो, बोटं मिटलेली.

पहिल्या खेपेला ठसे मीच मोजले आणि औषधाचा गट कंट्रोलच्या, म्हणजे करक्यूमिन न दिलेल्या गटाच्या, छान पुढे दिसला. गाइड मॅडमनी विचारलं, “कुठला रॅट कुठल्या गटातला, तुला माहीत होतं?” होतं. औषध मीच पाजत होते, आणि करक्यूमिनवाल्यांच्या तोंडाभोवतीची लव पिवळी व्हायची, त्यामुळे कुणालाही ओळखू आलं असतं. मग कागदांवर फक्त आकडे टाकून ते ज्युनियरकडून पुन्हा मोजून घेतले. फरक निम्म्यावर आला. थीसिसमध्ये तोच छापला.

शिवाय चिमट्याने दाबलेली रॅटची नस औषधाविनाही काही आठवड्यांत बरीचशी सुधारते. शेवटी-शेवटी मोजलंत तर सगळे गट सारखेच दिसतील. खरा फरक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असतो. त्या दिवसांत सुट्टी घेऊ नका. रोज पिंजऱ्यात पाय बघा, बधिर पायाची बोटं रॅट स्वतःच कुरतडतो. असं दिसलं तर काय करायचं, हे आयएईसीला (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीला) द्यायच्या फॉर्म-बीमध्ये आधीच लिहून ठेवा.

एकविसाव्या दिवशीची एक पट्टी अजून माझ्या वहीत आहे. तिच्यावर डाव्या पावलाची पाचही बोटं सुटी उमटली आहेत. तो रॅट कंट्रोल गटातला होता.