सेलच्या ब्लँकेटऐवजी वाकळ: घरच्या लुगड्यांची पाच थरांची वाकळ कशी शिवावी

बेळगावात आषाढ लागला की कापड दुकानांवर सेलच्या पाट्या चढतात, नवरात्राच्या आसपास ऑनलाइन सेल येतात आणि दिवाळीपर्यंत त्यांची झुंबड चालते. पुढं थंडी दिसत असते, म्हणून ब्लँकेट हमखास घेतलं जातं. सेलमधलं स्वस्त, मऊ, केसाळ ब्लँकेट बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं, म्हणजे खनिज तेलापासून बनलेलं. ते घाम शोषत नाही, धुताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर वाहून जातात, आणि टाकून दिलं तर कुजत नाही. त्याच वेळी घरातल्या ट्रंकेत आजीची, आईची सुती लुगडी घडी मोडून पडलेली असतात. एक किलो सुती कापड नव्यानं तयार व्हायला जगाच्या सरासरीनं सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. ट्रंकेतल्या कापडासाठी ते पाणी कधीच खर्च झालंय. ते वापरायचं सोडून नवं प्लास्टिक पांघरायचं, हे मला पटत नाही.

जुन्या सुती कापडाचे थर एकमेकांवर अंथरून हातानं शिवलेल्या पांघरुणाला आपल्याकडं वाकळ म्हणतात, कन्नड शेजारणी कौदी म्हणतात. घराघरांत दसरा काढतात तेव्हा सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला बाहेर निघतं. जुनं कापड निवडायला तीच वेळ बरी. रोज तासभर बसलात तर एका माणसाच्या वाकळेला महिना-दीड महिना लागतो. थंडीच्या आत हवी असेल तर घटस्थापनेच्या आधीच कापड काढून ठेवा.

कापड निवडणं

जे लुगडं अजून नेसता येतं ते नेसा. मधोमध विरलं असेल तर आधी दंड घालून, म्हणजे विरलेला भाग कापून उरलेले दोन भाग जोडून बघा. त्यापलीकडं गेलेलंच वाकळेत जावं.

फक्त सुती घ्या. शंका आली तर कडेचा एक धागा काढून पेटवा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. इरकल घेणार असाल तर अंग सुती आहे का बघा. पदर बहुधा रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, तो कापून बाजूला ठेवा. शहापूर-वडगावात अजून माग चालतात, पण तिथल्या बऱ्याच साड्यांत कृत्रिम धागा असतो. नेसायला त्या छान, वाकळेत मात्र घसरतात. आत फोम किंवा पॉलिस्टरचा कापूस भरायला सांगणारे व्हिडिओ बंद करा. वाकळेची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, तिला भरण लागत नाही.

सगळं कापड आधी धुऊन खळ काढा. रंग जाणारं लुगडं वेगळं धूत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो यावर विसंबू नका.

कापणं

तयार वाकळ ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब धरू. एक नऊवारी लुगडं आणि दोन सहावारी साड्या पुरतात. सुती लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. सगळ्यांचे ६० इंच लांबीचे तुकडे पाडा. नऊवारीचे पाच निघतात: दोन वरच्या थराला, दोन खालच्या थराला, एक गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी. सहावारीचे तीन-तीन, म्हणजे सहा, त्यांचे आतले तीन थर होतात. विरलेला भाग आत घाला, धड भाग बाहेर.

दोन तुकडे काठाला काठ जोडले की ६० बाय ९० इंचांचा थर होतो. वरचा आणि खालचा थर असाच मधोमध जोडा. आतल्या तिन्ही थरांचा जोड मात्र मध्ये येऊ देऊ नका, नाहीतर पाचही थरांचे जोड एकावर एक येऊन पाठीखाली उंचवटा होतो आणि सुई तिथंच मोडते. पहिल्या आतल्या थरात एका तुकड्याच्या दोन अर्ध्या पट्ट्या करा आणि अखंड तुकडा त्यांच्या मध्ये ठेवा. दुसऱ्यात एका बाजूला १५ इंचांची पट्टी, मग अखंड तुकडा, मग ३० इंचांची. तिसऱ्यात नेमकं उलट. आतले जोड शिवायची गरज नाही, दोन बोटं एकमेकांवर चढवले की पुरे.

सगळ्या तुकड्यांचा उभा धागा एकाच दिशेला हवा. एक उभा, एक आडवा लावलात तर धुतल्यावर थर वेगवेगळे आटतात.

अंथरणं आणि कच्चा टाका

वाकळ इथंच बनते किंवा बिघडते. मला सगळ्यात जास्त काळ याच पायरीनं छळलं. धावदोरा कितीही सुबक असला तरी खाली थर नीट बसलेले नसतील तर मध्ये झोळ पडतो, कडेला चुण्या येतात, आणि पुढं काहीही केलं तरी त्या जात नाहीत.

खोली रिकामी करा आणि फरशी पुसून कोरडी होऊ द्या. खाली सतरंजी घालायचा सल्ला ऐकू नका. सुई सतरंजीतून जाते आणि वाकळ तिलाच शिवली जाते. उघड्या फरशीवर खालचा थर उलटी बाजू वर ठेवून पसरा, चारी कोपरे चिकटपट्टीनं फरशीला लावा. दुसऱ्या माणसाला हाक मारा. दोघांनी दोन टोकं धरून पुढचा थर हवेत झटकायचा आणि सावकाश खाली येऊ द्यायचा. मग मध्यापासून कडेकडं तळहात फिरवत जायचं.

इथं एकच गोष्ट पाळा: कापड पसरा, ओढू नका. सुरकुती दिसली की हात आपोआप कड ओढतो. ओढलेला थर त्या वेळी छान सपाट दिसतो, पण उचलल्यावर तो मूळ मापावर येतो आणि त्याच्या शेजारचे थर फुगतात. सुरकुती असेल तर थर परत उचलून झटका. दहादा झटकावा लागला तरी झटका. प्रत्येक थर बसला की कडांवर वजन ठेवा: वरवंटा, खलबत्ता, डाळीचे डबे, जे हाताशी असेल ते.

पाचही थर बसले की कच्चा टाका. टाचण्यांवर भागवू नका. वाकळ हलली की त्या सरकतात, दमट हवेत गंजतात आणि गंजाचे डाग जात नाहीत. उठून दिसेल अशा रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर काढताना शोधावा लागत नाही. दोरा वाकळेच्या पूर्ण रुंदीपेक्षा लांब हवा. सुरुवात बरोबर मध्यातून करा. अर्धा दोरा तिथंच मोकळा ठेवून उरलेल्या अर्ध्यानं एका कडेपर्यंत जा, मग मोकळं टोक सुईत ओवून दुसऱ्या कडेपर्यंत. आधी मध्यात एक आडवी आणि एक उभी अशी अधिक चिन्हासारखी ओळ, मग तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर एकेक ओळ. प्रत्येक ओळ मध्यातून बाहेर. याचं कारण असं की टाका घालताना थोडंसं कापड पुढं सरकतंच. बाहेरून आत आलात तर ते सगळं मध्यात साचतं. आतून बाहेर गेलात तर ते कडेला निघून जातं, आणि कड कापता येते.

टाका चार बोटांएवढा मोठा चालेल. वाकळेखाली डावा हात घालायचा नाही. हात गेला की थर उचलले जातात आणि केलेलं सगळं हलतं. सुईचं टोक फरशीला टेकवा आणि ते वर घ्यायला चमच्याची कड वापरा. शेवटी गाठ मारू नका, वीतभर शेपूट सोडा. गाठीमुळं ओळ आखडते.

टाके पूर्ण झाले की वजनं आणि चिकटपट्ट्या काढा आणि वाकळ रात्रभर दांडीवर टाका. सकाळी जमिनीवर पसरून हात फिरवा. कुठं झोळ लागला तर आळस न करता त्या भागातल्या ओळी उसवा आणि पुन्हा घाला. धावदोऱ्यात दाबून टाकू, असं म्हणणाऱ्यांच्या वाकळा मी पाहिल्या आहेत. झोळ दाबला जात नाही, त्याची चुणी होते आणि तिथंच कापड आधी विरतं.

मग कोणी विचारतं, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बाया तर कडेपासून आत शिवत येतात, त्यांच्या कवंदीला, म्हणजे त्यांच्या वाकळेला, झोळ का पडत नाही? त्या तयार थर अंथरून शिवत नाहीत. खाली एक साडी असते, आणि वरचे तुकडे शिवता शिवता एकेक करून दुमडून लावत त्या आत सरकतात. त्यामुळं साचायला जास्तीचं कापडच नसतं. ती पद्धत फार देखणी आहे. शिकायची तर पूर्ण शिका. अखंड लुगड्यांच्या थरांवर तिचा फक्त कडेपासून आत येण्याचा भाग उचलू नका.

धावदोरा

जाड सुती दोरा, दुहेरी, दीड हातापेक्षा लांब नको. मेणावरून ओढून घ्या. ओळीत दोन बोटांचं अंतर, टाका तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. मधली ओळ आधी, मग दोन्हीकडं. मशीननं पाच थर मारले की पायाखालचा वरचा थर पुढं ढकलला जातो, म्हणून मी मशीन फक्त काठ जोडायला वापरते. मग कच्चा दोरा ओढून काढा, कडा सरळ कापा आणि उरलेल्या तुकड्याच्या चार इंची पट्ट्या जोडून गोट लावा. कोपऱ्यांना जुन्या खणाचे त्रिकोण लावले तर छान दिसतात.

हाताला वेळ नसेल तर कापड तुमचं द्या आणि गावातल्या वाकळ शिवणाऱ्या बाईकडून शिवून घ्या. तिच्याशी मजुरीची घासाघीस करताना सेलच्या ब्लँकेटची किंमत समोर धरू नका. दोन बोटांच्या अंतरानं एवढ्या वाकळेत ८० मीटरच्या वर टाका पडतो, तो हातानं. थर कापून, कच्चा टाका घालून दिलेत तर तिचंही काम सोपं होतं.

धुताना पिळू नका. ओली वाकळ फार जड होते आणि एका टोकानं उचलली तर टाके तुटतात. दोघांनी उचला आणि दोन दांड्यांवर पसरून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात धुवायच्या भानगडीत पडू नका, आतले थर ओले राहून कुबट वास बसतो. काही वर्षांनी वरचं कापड विरेल. तेव्हा जुना धावदोरा उसवायची गरज नाही. त्यावरच दुसरं लुगडं पसरा, पुन्हा मध्यातून कच्चा टाका घाला, आणि या वेळी जुन्या दोन ओळींच्या मधून नवी ओळ चालवा.