अमेरिकन फुटबॉल: टॅकल पक्का कसा करावा

३० जानेवारी २००० रोजी अटलांटातल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, सेंट लुइस रॅम्स २३-१६ असे पुढे होते. सहा सेकंद उरलेले, आणि टेनेसी टायटन्स गोल रेषेपासून, म्हणजे चेंडू नेला की गुण मिळतात त्या रेषेपासून, १० यार्डांवर. टायटन्सच्या केविन डायसनने पास झेलला, तोच रॅम्सचा लाइनबॅकर (बचाव फळीतला खेळाडू) माइक जोन्सने त्याच्या पायांना घट्ट मिठी घातली. डायसनने चेंडूचा हात ताणला, तरी यार्डभर अंतर राहिलंच आणि रॅम्स जिंकले. जोन्सने डोळे दिपवणारी धडक मारली नव्हती. तो योग्य कोनातून आला आणि त्याने पकड सोडली नाही, एवढंच.

टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं, शिकायचा तर सुरुवात पायांपासून करा. धावपटू आत्ता आहे तिथे धावू नका, तो पोहोचणार आहे तिथे धावा. त्याच्या कमरेच्या आतल्या, म्हणजे मैदानाच्या मध्याकडच्या, बाजूच्या रोखाने राहा, म्हणजे त्याला उलट आत वळता येत नाही आणि तो बाजूच्या रेषेकडे किंवा तुमच्या साथीदाराकडे ढकलला जातो. कबड्डीत साखळी करून चढाईपटूला कोंडतात, तसंच हे.

शेवटच्या तीन-चार यार्डांत पावलं आखूड करा, गुडघे वाकवा, कंबर खाली आणा. माझ्या मते सर्वाधिक टॅकल इथेच हुकतात, कारण खेळाडू भरधाव येऊन झेप घेतो. नजर समोरच्याच्या कमरेवर ठेवा. डोकं, खांदे, चेंडू यांनी तो हुलकावणी देईल. कंबर मात्र तो जाईल तिकडेच जाते.

आता सर्वांत महत्त्वाचं: डोकं वर. मान खाली घातली की मानेच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक सरळ होतो आणि टाळूवर बसलेला धक्का थेट मणक्यांवर येतो. म्हणूनच अमेरिकेतल्या शालेय आणि कॉलेज फुटबॉलने १९७६ मध्ये हेल्मेट पुढे करून धडकण्यावर बंदी घातली. त्यानंतर मानेच्या दुखापतीतून येणारा चारही हातापायांचा कायमचा लकवा लक्षणीय घटला. हेल्मेट म्हणजे हत्यार नव्हे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. डोकं बाजूला राहू द्या, भिडू द्या खांदा. पीट कॅरल प्रशिक्षक असताना सिअ‍ॅटल सीहॉक्स या एनएफएल संघाने रग्बीकडून घेतलेल्या पद्धतीत खांदा मांड्यांवर आणि डोकं धावपटूच्या मागच्या बाजूला असतं.

ज्या खांद्याने भिडाल, त्याच बाजूचा पाय धावपटूच्या जवळ टाका. दोन्ही हात खालून वेढून आवळा आणि पाय थांबवू नका. तो पडेपर्यंत छोटी, जलद पावलं टाकत ढकला. मागून पकडल्यावर मात्र अंग वळवून, कमरेचं वजन त्याच्या पायांवर टाकू नका. त्याने घोटे-गुडघे मोडतात, आणि एनएफएलने २०२४ पासून असा टॅकल बंद केला आहे.

सराव आधी गुडघ्यांवर बसून करा, मग चालत, मग पॅडच्या पिशवीवर. पूर्ण वेगाची झुंज सर्वांत शेवटी; आणि दमलेल्या खेळाडूची मान झुकू लागली की सराव तिथेच थांबवा.