औषध मारूनही कॉफीवर तांबेरा पसरतो? या चुका टाळा

जुलैत पान उलटून बघावं आणि बोटाला हळदीसारखी नारिंगी पूड लागावी, की बागेत फवारणीची धावपळ सुरू होते. खरी चूक तिथेच आहे, कारण तोवर उशीर झालेला असतो. आज दिसणारा डाग म्हणजे तीनेक आठवड्यांपूर्वी पानात शिरलेली तांबेऱ्याची बुरशी. तिच्या मागून शिरलेली अजून दिसतही नाही. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आत गेलेल्या बुरशीला मारत नाही. ते पानावर आधी बसलेलं असेल, तर वरून पडलेला बीजाणू रुजत नाही, एवढंच त्याचं काम. म्हणून कर्नाटकात चिकमगळूर-कोडगूकडे पहिली फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर उरकतात आणि दुसरी पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या सुमारास करतात. डाग दिसू लागल्यावर हेक्साकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पानात शोषलं जाणारं औषध लागतं. तेही कॉफी बोर्डाच्या शिफारशीतल्या मात्रेनेच.

दुसरी चूक पानाच्या बाजूची. कॉफीच्या पानाची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, खालच्या अंगाला असतात आणि तांबेरा तिथूनच आत शिरतो. सकाळी मजूर नोझल खालून वर धरतात. दुपारी हात दुखायला लागले की फवारा झाडाच्या डोक्यावरून जातो. लांबून झाडं निळसर दिसतात आणि मालक खूश होतो. फवारा वाळल्यावर मधल्या फांदीची चार पानं उलटून बघा. खाली निळे ठिपके नसतील तर ती ओळ पुन्हा मारा.

मिश्रण बनवतानाही गडबड होते. ०.५ टक्क्याचं बोर्डो म्हणजे २०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका, प्लॅस्टिकचं पिंप घ्या. उघडं राहून मेलेला जुना चुनाही चालत नाही. मिश्रण झाल्यावर कोयत्याचं पातं घासून चकचकीत करा आणि मिनिटभर त्यात बुडवून धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, पानं भाजतील. मग चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवत पुन्हा बघा. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना ही परीक्षा तोंडपाठ आहे, आणि तसं असणारच, कारण फ्रान्समध्ये १८८५ साली हे औषध पुढे आलं ते द्राक्षासाठीच. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, १८६९ साली कॉफीवर तांबेरा नोंदला गेला. बोर्डो निघेपर्यंत तिथल्या कॉफीची जागा चहा घेऊ लागला होता. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

‘आमचं वाण रोगाला दाद देत नाही’ असं म्हणून स्वस्थ बसू नका. केंट, एस ७९५, कावेरी अशी अरेबिका कॉफीची एकेक वाणं याच भरवशावर लागली आणि बुरशीने नवनव्या जाती काढून त्यांना गाठलं. रोबस्टा या दुसऱ्या प्रकारची कॉफी लावणाऱ्यांना काळजी कमी. अरेबिका असेल, मग ती चिखलदऱ्यातली का असेना, तर नजर ठेवावीच लागते.

दाट सावली आणि न छाटलेली झाडं यांचाही हात असतो. पानावर पाणी टिकल्याशिवाय बीजाणू रुजत नाही, म्हणून झाडाचा मधला भाग मोकळा ठेवा. मात्र सावली सरसकट उडवू नका. उन्हात झाडं फळांनी लदबदतात आणि जास्त ओझ्याचं झाड तांबेऱ्याला आधी बळी पडतं.

निदानातही घोळ होतो. मधे राखाडी आणि भोवती तपकिरी असा डोळ्यासारखा डाग, हाताला पूड नाही, तर तो वेगळा रोग. आणि नारिंगी डागावर पांढरा कापसासारखा थर दिसला तर घाबरून ती पानं तोडू नका. ती बहुधा तांबेऱ्यावरच जगणारी दुसरी बुरशी असते.