अलेक्साचं जुनं रेकॉर्डिंग कसं पुसायचं?
अलेक्सा ज्यात चालते त्या इको डॉट स्पीकरवरचं माइकचं बटण दाबून लाल दिवा लागला की ऐकणं थांबतं. बँकेच्या फोनवर बोलताना तेवढं पुरे. जुनं रेकॉर्डिंग मात्र अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर तसंच राहतं. ते पुसायला अलेक्सा अ‍ॅपमध्ये ‘मोर’, मग ‘अलेक्सा प्रायव्हसी’, मग ‘मॅनेज युवर अलेक्सा डेटा’ उघडा. रेकॉर्डिंग १८ महिने, ३ महिने ठेवायचं की अजिबात नाही, हे तिथे ठरवता येतं. ‘अजिबात नाही’ निवडलं तरी आवाज सर्व्हरवर जातोच, फक्त काम झाल्यावर पुसला जातो. शिवाय घरातल्यांचा आवाज ओळखणारी व्हॉइस आयडी नीट चालत नाही. ती फारशी वापरत नसाल तर हाच पर्याय घ्या. टीव्हीवरच्या जाहिरातीने उपकरण उगाच जागं होत असेल, तर सेटिंग्जमध्ये हाकेचा शब्द ‘अलेक्सा’ऐवजी ‘इको’ करा.