कणकेच्या हातांनी दिवा लावायचा कसा? फळीखालच्या प्रकाशासाठी स्विचची निवड

छताचा दिवा आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे ओट्याशी उभे राहून भाजी चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते. वरच्या फळीखाली, पुढच्या कडेजवळ एलईडी पट्टी बसवली की ही अडचण दूर होते. मात्र पट्टीचा रंग आणि लांबी यांचा जितका विचार होतो, तितका ती लावायची कशी याचा होत नाही, आणि वायरमन सवयीने भिंतीतल्या बोर्डावर एक बटण वाढवून मोकळा होतो. स्वयंपाक करताना हात ओले, तेलकट किंवा पिठाने भरलेले असतात. म्हणून त्या जागी हात कशात गुंतलेले असतात, हे पाहूनच स्विच ठरवावा.

सिंक आणि शेगडी यांच्यामधल्या जागेसाठी हात हलवून चालणारा सेन्सर मला सर्वांत योग्य वाटतो. तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि साधारण पाच ते दहा सेंटिमीटरच्या आत हात आला की परावर्तित किरणांवरून दिवा लावतो किंवा मालवतो. परातीत कणीक मळता मळता मनगट नुसते वर उचलले तरी काम होते, कशालाही बोट लावावे लागत नाही. तो फळीच्या मध्यावर न बसवता एका टोकाला बसवावा, नाहीतर उंच डबा किंवा कुकरचे झाकण उचलताना दिवा नकळत मालवतो. शेगडीपासून तो निदान दोन फूट दूर असावा, कारण फोडणीच्या तेलाचा थर काचेवर बसला की त्याची पकड मंदावते. कोरड्या मऊ फडक्याने ती काच अधूनमधून पुसून घ्यावी.

रात्री पाणी प्यायला येणाऱ्यांसाठी फिल्टरजवळ हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर लावावा. तो शरीराच्या उष्णतेतील हलता फरक टिपतो, त्यामुळे माणूस एका जागी उभा राहून लसूण सोलत बसला की दिवा मध्येच विझतो. यासाठी विलंबाची वेळ, म्हणजे हालचाल थांबल्यावर दिवा किती वेळ चालू राहील ती, बदलता येणारा प्रकार घ्यावा आणि सेन्सरचे तोंड शेगडीकडे कधीही नसावे.

ज्यांना बाहेर काहीच दिसू नये असे वाटते, त्यांच्यासाठी प्लायच्या आतल्या बाजूला चिकटवायचा स्पर्श-सेन्सर मिळतो. फळीच्या खुणेच्या जागी बोट टेकवले की दिवा लागतो आणि अनेक प्रकारांत बोट दाबून धरले की उजेड कमी-जास्त होतो. प्लाय किती जाड चालेल, हे खरेदीपूर्वी पाहावे; स्टीलच्या फळीतून तो चालत नाही आणि पाण्याचे थेंब साचणाऱ्या जागी तो आपोआपही लागू शकतो.

मॉड्युलर ओट्याच्या ट्रॉल्यांखाली फरशीलगत जी आत दबलेली तळपट्टी असते, तिच्या वरच्या कडेला हातासाठीचाच सेन्सर बसवला तर दोन्ही हातांत भांडी असताना पायाच्या अंगठ्याने दिवा लावता येतो. फरशी पुसताना तिथे पाणी उडते, म्हणून तिथपर्यंत केवळ 12 व्होल्टची तार न्यावी. मिक्सर ठेवायच्या कप्प्याच्या शटरमागे मात्र चुंबकाचा स्विच उत्तम; शटर वर गेले की उजेड. शटर बंद, म्हणजे चुंबक जवळ असताना परिपथ तोडणारा प्रकार मागून घ्यावा, कारण दाराच्या अलार्मचा नेहमीचा स्विच याच्या उलट चालतो. या स्विचचे संपर्क नाजूक असतात, तेव्हा फूटभर पट्टीपुरताच त्याचा उपयोग करावा.

कोणताही सेन्सर घेताना त्यावर छापलेली अँपिअरची मर्यादा वाचावी. मीटरला 9.6 वॉट घेणारी पट्टी आठ फूट लावली तर सुमारे 23 वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर जवळजवळ दोन अँपिअर लागतात; ड्रायव्हर (घरच्या 230 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा डबा) 30 वॉटचा घ्यावा आणि तो शेगडीच्या वर नव्हे, तर हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवावा. सेन्सर ड्रायव्हर आणि पट्टी यांच्यामध्ये येत असल्याने ड्रायव्हरला वीज सतत मिळत राहते. म्हणून 230 व्होल्टच्या बाजूला एक साधे बटण ठेवावेच. गावी जाताना ते बंद करता येते. हा भाग वायरमनकडूनच करून घ्यावा.

एकाच पट्टीला हाताचे दोन सेन्सर समांतर, म्हणजे कोणत्याही एकाने दिवा लागेल असे, जोडू नयेत, कारण दोन्ही बंद केल्याशिवाय दिवा मालवत नाही. पीआयआर आणि हाताचा सेन्सर मात्र असे समांतर छान चालतात: रात्री दिवा आपोआप लागतो-विझतो आणि स्वयंपाकाच्या वेळी हात हलवून तो कायम ठेवता येतो. त्यासाठी दोन्ही सेन्सर तारेची एकच बाजू (दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण) तोडणारे असावेत. फळीला भोक पाडण्यापूर्वी सेन्सर दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता लावावा, चारआठ दिवस नेहमीचा स्वयंपाक करून पाहावा आणि मगच जागा पक्की करावी.