‘शास्त्रीय कारणे लिहा’मध्ये मार्क जात होते, ते असे थांबले

सातवीतली मुलगी व्याख्या घडाघडा म्हणायची, पण ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आलं की पेपर कोरा. गाइड आणलं, शिकवणी लावली, उत्तरं दहा-दहा वेळा लिहून घेतली. वर्षभर दोघींच्या डोळ्यांत पाणी.

उपयोग झाला तो या क्रमाने. पुस्तक बंद. ग्लासभर पाण्यात बटाटा सोडला, बुडाला. मग चमचा-चमचा मीठ विरघळवत गेलो. सहाव्या चमच्याला बटाटा हलकेच वर आला. ‘का?’ हे तिने आधी आजीला तोंडी सांगितलं. मग तीनच वाक्यं लिहिली: काय झालं, कोणत्या गुणधर्मामुळे, म्हणून काय. त्यानंतरच पुस्तक उघडून राहिलेला शब्द, ‘घनता’, लाल पेनाने भरला. दोन दिवसांनी तेच उत्तर कोऱ्या कागदावर, न बघता. ही पायरी गाळू नका.